नंबरपाटी

पांढरकवड्याच्या बायपासवर माझं टिनाचं दुकान.
वर लिहिलंय, 'येथे सर्व प्रकारच्या पाट्या लिहून मिळतील.'
त्यातलं 'सर्व प्रकारच्या'
मागल्या सोमवारी मीच पांढऱ्या रंगानं बुजवलं.

कायदा म्हणाल तर दोन ओळींचा.
आकडा सरकारनं ठरवला तेवढाच, तसाच.
भोवती चौकट नको, खाली नाव नको,
कोपऱ्यात मोरपीस नको, वाघ नको.
वाघ!
इथून हाकेवर टिपेश्वर.
खरा वाघ भर दुपारी डांबरी ओलांडतो,
त्याले कोण नंबर विचारते?

नव्या पाट्या समोरच्या शटरात बसवून मिळतात.
मी फक्त जुन्या काढतो. दहा रुपये.
चौकटीसकट वीस.

उत्तम टेकाम काळीपिवळी घेऊन आला.
नऊचा परवाना, चौदा माणसं, टपावर दोन बोकड.
"चौदा दिसत नाहीत साहेबाले,
अन् ही बोटभर चौकट दिसली!
पाचशे मागून राह्यला होता."
बोकडांनी दुजोरा दिला.

कोंबड्यांच्या टेम्पोवाला रियाज म्हणाला, "बरं झालं बाप्पा.
माही लुना चोरीले गेली तवा
पोलिसानं नंबर विचारला,
मले नुसती वेलबुट्टीच आठवे."

सरपंचाचा भाचा सगळ्यात दुःखी.
एक्केचाळीस एक्केचाळीस घेतला होता,
मी तो असा वळवला
की आख्खं गाव 'दादा' वाचायचं.
आता गाडीवर उरले
चार हजार एकशे एक्केचाळीस.
"याच्यात का दम हाये, पेंटर?" म्हणतो.
डोळे पाणावलेले. खोटं नाही सांगत.

आशाताई वेणू मडावी स्कूटीवरून उतरल्याही नाहीत.
"शेणानं माखलेली पाटी नियमात बसते का,
तेवढं विचारून ठेवा."

सगळे आपापलं बोलून जातात.
मी पान्हा फिरवत असतो.

तीन वर्षांमागची गोष्ट, पोळ्याच्या आदल्या दिवशीची.
लेतू आत्राम शेळ्या वळवून येत होता,
संध्याकाळ, नाल्यावरचा पूल.
एक जीप त्याला उडवून थांबलीच नाही.
सोबत नात होती, सातवीतली,
शाळेत पहिल्या बाकावर बसणारी.
ती धावली गाडीमागं, नंबर वाचत.
तिनं जे पाहिलं ते बरोबर सांगितलं.
"एम एच एकोणतीस,
मग फुलं,
मग एक साप."

हवालदार वही घेऊन माझ्याकडं आला.
वहीत त्यानंही सापच काढला होता.
म्हणाला, "पेंटर, हे काय आहे?"

तो माझा पाच होता.
पोट फुगवलेला, शेपटी चौकटीवरून बाहेर काढलेली.
त्या पाचासाठी लोक वणीहून यायचे.

मी सांगितलं, "पाच आहे साहेब.
पण असे मी शंभर गाड्यांवर काढले."
हे खरंच होतं.
खरं असून
त्याच्या काहीच कामाचं नव्हतं.
तो चहा पिऊन गेला.
मी त्या रात्री पाचाची शेपटी कापायचं ठरवलं
आणि दिवाळीत गिऱ्हाईक आलं तेव्हा
पुन्हा काढली. दीडशे रुपये होते.

आता काढलेल्या चौकटी मागं ढीग लावून ठेवल्यात.
वेणूताईंनी चार नेल्या,
कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी बसवायला.

काल उत्तमनं विचारलंच,
"सगळ्याईचं ऐकून घेतलं, तुह्यं मत काय बे?"

जुना स्क्रू गंजला होता, फिरत नव्हता.
मी म्हटलं, "तेल दे इकडं.
अन् हात धरून ठेव पाटीले,
हलून राह्यली."